विहिरींची वही : पर्जन्यछायेतल्या गावाच्या पाण्याच्या वर्षभराच्या नोंदी

३ मे

काम असं आहे. गावातल्या निवडक विहिरींची पातळी, रोजचा पाऊस आणि ओढ्याचं वाहणं या तीन गोष्टी वर्षभर एकाच वहीत मांडायच्या. वही ग्रामपंचायतीच्या वाचनालयात उघडी ठेवायची. रब्बीत कुठलं पीक किती घ्यायचं, हे त्या आकड्यांवरून गावानं बसून ठरवायचं. गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या पठारावरचं. सह्याद्री ओलांडून येणारे ढग इथे येईतो हलके झालेले असतात. पाऊस साधारण साडेचारशे-पाचशे मिलिमीटर, तोही जून ते ऑक्टोबरातच, आणि बराचसा मोजक्या जोरदार सरींत.

जमिनीखाली काय आहे ते कुठल्याही जुन्या विहिरीत डोकावलं की दिसतं. वर हातभर-दोन हात माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक आणि तळाशी काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या फटींत. अशा खडकात शंभर भागांत एक ते तीन भागच पाणी मावतं. दोन धरले, तर एक हेक्टराखालची पातळी एक मीटर उतरते तेव्हा २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी उपसलेलं असतं. एका हेक्टर गव्हाला हंगामभर सुमारे ४५० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे ४५ लाख लिटर. हेक्टरभर गहू पिकवायचा तर बावीस हेक्टरांखालची पातळी मीटरभर उतरते. सातबाऱ्यावर विहीर एकाच्या नावावर असते, खालचं पाणी मात्र बांध ओळखत नाही. ही वही त्यासाठीच आहे.

११ मे

विहिरींची निवड झाली. वरचा माळ, मधली पट्टी आणि ओढ्याकाठ अशा तिन्ही भागांतल्या विहिरी घेतल्या. त्यांत गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे आणि एक पडीक विहीरही मुद्दाम आहे. पडीक विहिरीवर मोटर नसल्यामुळे तिची पातळी उपशाने हलत नाही, आजूबाजूच्या भूजलाचा खरा अंदाज तीच देते. चालू विहिरींचे आकडे शंकास्पद वाटले की तिच्याशी ताडून बघायचे. बोअरवेल वहीत घेतल्या नाहीत. केसिंगमुळे, म्हणजे आत बसवलेल्या पाइपमुळे, पातळी धड मोजता येत नाही, आणि खोल बोअरमधलं पाणी वरच्या थरातलं की खालच्या फटीतलं, हे वरून कळत नाही.

मोजण्याची रीत एकच, सगळ्यांनी पाळायची. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण केली आहे, टेप त्याच खुणेवरून सोडायचा. कठडा जमिनीपासून किती वर आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, तेवढं वजा करायचं. टेपच्या टोकाला पावशेराचं लोखंडी वजन बांधायचं, नाहीतर खोल विहिरीत वाऱ्याने टेप झोल खातो आणि पातळी आहे त्यापेक्षा खाली दिसते. मोजणी पहाटे, मोटर सुरू होण्याआधी, आणि विहिरीला आदल्या संध्याकाळपासून विसावा मिळालेला असला तरच.

इथे मोठी अडचण ऑटो स्टार्टरची. शेतीपंपाची थ्री फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्री लाइट आली की ऑटोवर टाकलेली मोटर माणसाशिवाय सुरू होते आणि सकाळी मोजायला गेलं तर विहीर उपसलेली असते. म्हणून मोजणीच्या आदल्या दिवशी संबंधित शेतकऱ्याला निरोप द्यायचा आणि ऑटो बंद करून घ्यायचा. तसं जमलं नसेल तर आकडा लिहायचाच, पण पुढे ‘उपसा चालू’ असा शेरा मारायचा. शेरा नसलेला चुकीचा आकडा वर्षभर हिशोब बिघडवतो.

पावसाळ्यात दर आठवड्याला आणि नंतर पंधरा दिवसांनी मोजायचं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. त्या महिन्यांतल्या नोंदी आपल्याकडेही चुकवायच्या नाहीत, म्हणजे तुलना करता येते.

प्रत्येक विहिरीसाठी ‘भरती’ हा आणखी एक रकाना आहे. तासभर उपसा करून मोटर बंद केली, की १५, ३० आणि ६० मिनिटांनी पाणी किती चढलं ते मोजायचं. हा रकाना बायकांच्या सांगण्यावरून आला. पिण्याच्या विहिरीवर कळशी बुडायला किती वेळ थांबावं लागतं हे त्यांना महिन्यागणिक ठाऊक असतं, आणि उन्हाळ्याची चाहूल पातळीच्या आधी भरतीत लागते. पातळी बरी दिसत असतानाच भरती मंदावली, तर वरचा ओला थर रिता होऊन पाणी आता फटींतून येतं आहे असं समजायचं.

२४ मे

पाझर तलावातला गाळ काढणं चालू आहे. एवढंच टिपून ठेवायचं : गाळ संपून मुरूम लागला की खोदाई थांबवायची. गाळाने तळ बुजतो आणि पाझर थांबतो, म्हणून गाळ काढायचा. तलाव खोल करत बसायचं हा हेतू नाही. पाळूच्या पायथ्यापासून अंतर सोडूनच यंत्र लावायचं, पाया उघडा पडला तर पाळू खचते.

शेतात एक एकरावर एक इंच थर द्यायला जवळजवळ ३६ ब्रास गाळ लागतो (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). हलक्या मुरमाड रानाला तो चांगला मानवतो. ज्या रानात आधीच काळी चिकण माती आहे तिथे घालून फायदा नाही, पाणी साचतं आणि उन्हाळ्यात भेगा रुंदावतात. मातीचा गोळा करून तळहातावर वळायचा, लांब वळी न तुटता वळली तर त्या रानाला गाळाची गरज नाही. पसरलेला गाळ पहिल्या पावसाआधी पाळी घालून मातीत मिसळायचा, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि उगवण अडते.

५ जून

पर्जन्यमापक शाळेच्या मैदानात बसवला. विकतचा एक आहे, आणि माळावर ठेवायला पीव्हीसी पाइपचा एक घरी केला आहे, कारण गावठाणात सर पडते तेव्हा माळ कोरडा असू शकतो. १६० मिलिमीटरचा पाइप घेतला, खाली बूच चिकटवलं, वर त्याच मापाचं नरसाळं बसवलं. पाइपचा १६० हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. पाऊस झेलतं ते नरसाळ्याचं आतलं तोंड. ते १५.२ सेंटिमीटर भरलं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे १८१ चौरस सेंटिमीटर. जमलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजून त्याला १८१ ने भागायचं आणि दहाने गुणायचं, की मिलिमीटर मिळतात. सोप्या भाषेत, १८ मिलिलिटर म्हणजे एक मिलिमीटर. बाहेरचा व्यास धरून हिशोब केला तर पाऊस दहा टक्के कमी दिसतो, आणि ही चूक हंगामभर साठत जाते.

मापकाचं तोंड जमिनीपासून फूटभर उंच आणि सपाट हवं, पातळी नळीने तपासायची. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुप्पट अंतर सोडायचं. रोज सकाळी साडेआठलाच मोजायचं. हवामान खात्याचा दिवस तिथेच संपतो, त्यामुळे तालुक्याच्या आकड्याशी ताळा लागतो. कोरड्या दिवशी रकाना मोकळा न सोडता शून्य लिहायचं. मोकळा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की मोजलाच नाही, हे सहा महिन्यांनी कोणालाही सांगता येत नाही.

८ जून

मृग लागलं. वहीत नक्षत्राचा रकाना ठेवला आहे, कारण गावात पावसाची आठवण तारखेने नाही, नक्षत्राने राहते. ‘आर्द्रात ओढा आला होता’ हे सगळ्यांच्या लक्षात असतं, ‘२६ जूनला’ हे कोणाच्याच नाही. मृग ७-८ जून, आर्द्रा २१-२२ जून, पुनर्वसू ५-६ जुलै, असं साधारण तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलतं आणि तारीख वर्षागणिक एखाद्या दिवसापलीकडे हलत नाही. त्यामुळे जुन्या माणसांच्या आठवणीही वहीत तारखेवार बसवता येतात.

शेजारी ‘खुणा’ हा रकाना. बहावा कधी फुलला, पावशा पहिल्यांदा कधी ओरडला, काजवे कधी दिसले, कावळ्याने घरटं झाडाच्या शेंड्याला बांधलं की मधल्या बेचक्यात. या खुणांचा पावसाशी किती मेळ बसतो ते वर्षानुवर्षं शेजारी शेजारी लिहिल्यावरच कळेल. न लिहिता त्यांच्यावर विश्वास ठेवणं किंवा त्या उडवून लावणं, दोन्हीला आधार नाही.

१९ जून

पेरणीची घाई सुरू झाली आहे. दोन सरी झाल्या, रान वरून काळं दिसतं. वहीतला बेरजेचा रकाना मात्र अजून ७५ मिलिमीटरच्या आत आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही हा कृषी खात्याचा सल्ला पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून वाचनालयाबाहेर लावला, आणि खाली आजची बेरीज. शिवाय रानात खुरप्याने वीतभर उकरून बघायचं. वरची ओल आणि खालची जुनी ओल एकमेकींना भेटली नसेल, मध्ये कोरडा पट्टा लागला, तर बी उगवतं आणि आठ दिवसांच्या उघडिपीत जळून जातं. दुबार पेरणीत बियाणं जातंच, त्याहून मोठं नुकसान वेळेचं. मूग-उडदाची वेळ जुलैच्या पहिल्या आठवड्याशी संपते. बाजरीला जुलैच्या मध्यापर्यंत सवड आहे, म्हणून ज्यांचं रान हलकं आहे त्यांनी थांबायला हरकत नाही.

बेरीज रोज पाटीवर दिसू लागल्याचा फायदा असा, की शेजाऱ्याने तिफण जुंपली म्हणून आपणही जुंपायची, हे कमी होतं. पेरणी हा गावात एकमेकांकडे बघून घेतला जाणारा निर्णय आहे, आणि ते वाईटही नाही. बघायला एक आकडा हाताशी असला म्हणजे पुरे.

१४ जुलै

पावसाचा खंड. बाजरी तग धरून आहे, मुगाची पानं दुपारी मान टाकतात. कोळपणीची हीच वेळ. वरचा पापुद्रा फोडला की भेगांतून उडणारी ओल थांबते. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात एक आणि पाचव्यात एक अशा दोन कोळपण्या खंडाच्या वर्षी चुकवू नयेत. खुरपणी सावडीने चालू आहे, आज एकीच्या रानात सगळ्याजणी, उद्या दुसरीच्या. ज्या घरात माणूसबळ नाही तिथेही सावडीमुळे काम वेळेवर होतं. मजुरी देऊन तेच करायचं म्हटलं तर खंडाच्या दिवसांत कोणाच्याच हातात पैसा नसतो.

२० ऑगस्ट

मघा लागल्या आणि ओढा वाहता झाला. ‘न पडतील मघा तर वर बघा’ ही म्हण या पट्ट्यात अजून रोजच्या बोलण्यात आहे, कारण खरिपाचे दाणे भरणं आणि विहिरींची पहिली खरी चढण, दोन्ही याच पंधरवड्यावर अवलंबून असतात.

ओढ्याचं वाहणं मोजायची रीत. सरळ, एकसारखा दहा मीटरचा टप्पा निवडून दोन्ही टोकांना दोरी ताणायची. अर्धी बुडून वाहील अशी लाकडाची ढलपी वरच्या दोरीच्या थोडी आधी सोडायची आणि दोन दोऱ्यांमधला वेळ मोजायचा. पाच वेळा करून सरासरी घ्यायची. ढलपी काठाला अडकली तर तो आकडा टाकून द्यायचा. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा वेगाने जातं, म्हणून वेगाला ०.८ ने गुणायचं. तळ फारच दगडगोट्यांचा असेल तर ०.७ ने. दहा मीटरला २५ सेकंद लागले, पात्र २ मीटर रुंद आणि सरासरी १५ सेंटिमीटर खोल असेल, तर सेकंदाला ९६ लिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ ८३ लाख लिटर. हे पाणी शिवार सोडून चाललेलं पाणी आहे. पूर असताना पात्रात उतरून मोजायचं नाही, काठावर रंगवलेल्या पट्टीवरची उंची तेवढी लिहायची.

पाणी गढूळ की निवळ तेही लिहायचं. गढूळ असेल तर रानाची माती जाते आहे, वरच्या बांधांची फूट शोधायची. सर थांबून दोन दिवस झाल्यावरही ओढा निवळ वाहत असेल, तर ते पाणी डोंगरउतारातून झिरपून आलेलं आहे, आणि पुढे बंधाऱ्यात अडवायचं ते हेच.

१८ सप्टेंबर

वनराई बंधाऱ्याची जागा ठरवली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरून रचायचा हा तात्पुरता बंधारा मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे या नावाने रूढ झाला. खर्च नाममात्र, तंत्र सोपं, पण जागा चुकली तर सगळी मेहनत वाहून जाते. पात्र अरुंद आणि सरळ हवं, दोन्ही काठ उंच आणि टणक. वळणावर बांधला तर बाहेरचा काठ कातरला जातो. तळाचा उतार जितका कमी तितकं पाणी मागे लांबवर पसरतं. एक टक्का उतार आणि एक मीटर पाणी, तर फुगवटा शंभर मीटर मागे जातो. सरासरी सहा मीटर रुंदी धरली तर साठा ३०० घनमीटर, तीन लाख लिटर. ऐकायला हे थोडं वाटतं. पण ओढा सेकंदाला पाच लिटरही वाहत राहिला तर दिवसाला चार लाखांहून अधिक पाणी येतं, म्हणजे बंधारा मुरत आणि भरत राहतो. त्याची खरी किंमत साठ्यात नाही, मुरण्यात आहे.

तळाला काय आहे तेही बघितलं. नुसता काळा पाषाण असेल तर पाणी अडतं, मुरत नाही. मुरूम किंवा मांजऱ्या असेल तिथेच बांधायचा.

काठच्या शेतकऱ्यांशी आधीच बोलून घेतलं आहे : बंधाऱ्यात थेट मोटर टाकायची नाही. मुरलेलं पाणी खालच्या अंगाच्या सगळ्या विहिरींना मिळतं. थेट उपसलं तर ते काठच्या दोघा-तिघांचं होतं, आणि पुढच्या वर्षी गोण्या भरायला गाव येत नाही.

२ ऑक्टोबर

ग्रामसभा. पाण्याचा कच्चा ताळेबंद मांडला. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरकते, त्यामुळे पक्क्या आकड्याची वाट बघत बसलं तर ज्वारीचा निर्णय हुकतो. आज ज्वारी आणि हरभऱ्याचं ठरवायचं, गव्हाचं नोव्हेंबरच्या आधी.

हिशोब सगळ्यांसमोर फळ्यावर केला, समजायला सोपे असे गोल आकडे घेऊन. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. शिवार ६०० हेक्टर, पाऊस ४५० मिलिमीटर, तर एकूण २७० कोटी लिटर पाणी पडलं. यातलं बरंचसं मातीने धरलं, पिकांनी आणि उन्हाने उडवलं, काही वाहून गेलं. अशा खडकात भूजलाला जाऊन मिळतो तो साधारण दहावा हिस्सा, २७ कोटी. तोही सगळा हाती लागत नाही, काही ओढ्यात परत झिरपतो, काही विहिरींच्या तळाखाली राहतो. सत्तर टक्के धरले तर १९ कोटींच्या आत.

पहिला हक्क पिण्याचा. दीड हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे तीन कोटी लिटर. गाई-म्हशी आठशे धरून प्रत्येकी ६० लिटर, पावणेदोन कोटी. शेळ्या-मेंढ्या आणि रानात वाडा बसवणारे मेंढपाळ, यांचं पाणीही याच हिशोबात वेगळं मांडायचं. शेतीला उरतं ते चौदा कोटींच्या आसपास. एवढ्यात गहू ३१ हेक्टर होतो. हरभरा, ६० मिलिमीटरची दोन पाणी दिली तर, ११६ हेक्टर. एकच संरक्षित, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी दिलेलं, पाणी देऊन ज्वारी केली तर त्याच्याही दुप्पट. उसाला वर्षाला २००० मिलिमीटर धरलं तर एका हेक्टरला दोन कोटी लिटर लागतात. हजार माणसांचं वर्षाचं पिण्याचं पाणी तेवढंच असतं. हा शेवटचा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा सभेत जी चर्चा सुरू झाली ती कुठल्याही भाषणाने झाली नसती.

वाटप कसं करायचं यावर मतं वेगळी आहेत. पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत माणशी वाटा धरला होता, जमिनीवर नाही : माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात हक्क. तिथे पाणी सामूहिक उपसा योजनेचं होतं. इथे खासगी विहिरी आहेत, त्यामुळे ते जसंच्या तसं लागू होत नाही. पण भूमिहीनाचा हक्क हा मुद्दा सुटता कामा नये. पाण्याची आखणी फक्त विहीरवाल्यांनी केली तर ती गावाची होत नाही. आज ठरलं ते एवढं : नवीन ऊस नाही, गव्हाला घरटी मर्यादा, भरती मंदावली की पिण्याच्या विहिरीच्या आसपासचा शेतीउपसा बंद, पिण्याच्या विहिरीच्या ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर नाही, आणि ६० मीटरपेक्षा खोल बोअर कोणीच घ्यायची नाही. शेवटचे दोन्ही नियम कायद्यातही आहेत, तरी ग्रामसभेत हात वर करून मान्य केलेला नियम जास्त पाळला जातो.

१४ ऑक्टोबर

बंधारा बांधला. हस्त सरला, परतीच्या पावसाचा जोर ओसरला आणि ओढा निवळ झाला की हीच वेळ. आधी बांधला तर एका पुरात जातो, दिवाळीनंतर बांधला तर अडवायला पाणी उरत नाही. आणि दिवाळीच्या सुमारास काही घरं ऊसतोडीला निघून जातात, मग हात उरत नाहीत.

लांबी ८ मीटर, उंची १.२ मीटर, तळाची रुंदी १.८, माथ्याची ०.६. अशा मापाला साडेचारशे ते पाचशे गोण्या लागतात. गोणी तीन-चतुर्थांशच भरायची. गच्च भरलेली गोणी दगडासारखी गोल राहते, शेजारच्या गोणीला चिकटत नाही आणि फटी उरतात. भरायला वाळूमिश्रित माती किंवा फुगवट्याच्या जागेतला गाळ, तेवढाच साठाही वाढतो. नुसती काळी माती भरली तर सुकल्यावर आकसते आणि गोण्या ढिल्या पडतात. तोंड दाभण-सुतळीने शिवायचं, नुसती गाठ मारलेली गोणी रचताना सुटते.

रचण्याआधी तळ फूटभर खणून पक्का थर लागेपर्यंत गेलो. वाळूवर रचलेला बंधारा वरून शाबूत दिसतो आणि खालून सगळं पाणी निसटतं. दोन्ही काठांत अर्धा ते एक मीटर आत खाच घेतली. गोण्या वीटकामासारख्या सांधे मोडून, शिवलेलं तोंड आतल्या बाजूला करून रचल्या, प्रत्येक थरावर चिकण मातीचा गारा, आणि वर उभं राहून तुडवणं. पाण्याच्या बाजूला चिकण मातीचा वीतभर लेप. मध्यभागी माथा वीतभर खाली ठेवून सांडवा काढला. सांडव्याखाली मोठे दगड लावले, कारण वरून पडणारं पाणी पायथा उकरतं आणि बंधारा मागून नाही, पुढून कोसळतो. बहुतेक वनराई बंधारे जातात ते याच कारणाने.

२१ ऑक्टोबर

गळती. पाण्यात खुंटी ठोकून मिलिमीटरची पट्टी बांधली आहे. संध्याकाळी आणि पहाटे वाचायची. या दिवसांत बाष्पीभवन दिवसाला चार-पाच मिलिमीटर, रात्री नगण्य. त्यामुळे रात्रीत पातळी जास्त उतरली तर पाणी मुरतं आहे किंवा गळतं आहे. खालच्या अंगाला पात्र कोरडं असेल तर मुरतं आहे, आणि ते हवंच आहे. ओलसर धार दिसली तर गळती. डाव्या काठाला धार सापडली, खेकड्याचं बीळ. वरच्या बाजूला बिळाचं तोंड शोधून त्यात चिकण मातीचे गोळे दांड्याने ठासले आणि बाहेरून गोणी लावली. फक्त खालचं तोंड बुजवून उपयोग नसतो, पाणी दुसरी वाट काढतं.

२९ ऑक्टोबर

ऑक्टोबरची मोजणी झाली, ताळेबंद पक्का केला. मेमधली पातळी आणि आजची पातळी यांतला फरक, गुणिले क्षेत्र, गुणिले खडकाचा दोन टक्क्यांचा हिस्सा, हा दुसऱ्या बाजूने केलेला हिशोब. पावसावरून काढलेल्या आकड्यापेक्षा तो कमी निघाला. दोन्हींत तफावत असेल तेव्हा कमी आकडाच धरायचा. गव्हाची मर्यादा त्याप्रमाणे खाली आणली.

ज्यांनी गहू धरला आहे त्यांच्या मोटरीचा विसर्ग मोजला. २०० लिटरचा पिंप २५ सेकंदांत भरला, म्हणजे सेकंदाला ८ लिटर, तासाला २८,८०० लिटर. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीला साधारण तेवढंच पाणी असतं. मोटर एक तास म्हणजे विहीर मीटरभर, हे समीकरण शेतकऱ्याच्या लगेच ध्यानात येतं आणि दंडाने पाणी सोडून झोपायला जाणं थांबतं.

२२ नोव्हेंबर

गव्हाचं पहिलं पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं, म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी नवी मुळं, फुटताना. पाणी कमी असेल तर बाकीचं एखादं चुकलं तरी चालेल, पण हे पाणी चुकवायचं नाही. हरभऱ्याला फुलोऱ्याच्या आधी एक आणि घाटे भरताना एक पाणी पुरतं. ऐन फुलोऱ्यात जास्त पाणी दिलं तर पीक माजतं आणि फूल गळतं.

१२ जानेवारी

ओढा आटला, बंधाऱ्यात घोटाभर पाणी. ओढ्याकाठच्या विहिरींची पातळी माळावरच्या विहिरींपेक्षा हळू उतरते आहे, पण हा फरक बंधाऱ्याचा किती आणि जागेचा किती, हे एका वर्षात वेगळं करता येणार नाही. बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाची एकेक विहीर आता दर आठवड्याला मोजायची.

९ मार्च

माळावरच्या विहिरींची भरती मंदावली, तासाभरात जेमतेम वीतभर. पातळीचा आकडा अजून घाबरवणारा नाही. पिण्याच्या विहिरीच्या आसपासचा शेतीउपसा आजपासून बंद, ऑक्टोबरातच ठरल्याप्रमाणे. असा निर्णय मार्चमध्ये घ्यायला बसलं तर उभं पीक समोर असतं आणि कोणालाच नाही म्हणता येत नाही. बैठक पाणी असताना घ्यायची, ती यासाठीच.

१८ मे

बंधारा उतरवला. उन्हाने गोण्यांचे धागे सुटतात, जूनच्या पहिल्या पुरात त्या फाटून चिंध्या खालच्या रानांत आणि ओढ्यातल्या झुडपांना अडकतात, जनावरांच्या पोटात जातात. माती काठाच्या बांधांना लावली, गोण्या गोळा करून भंगारात दिल्या. सांडव्याखालचे दगड तसेच ठेवले, पुढच्या वर्षी तिथेच लागतील.

मेची मोजणी झाली. गेल्या मेपेक्षा पातळी किती वर किंवा खाली, ते विहीरवार मांडलं. आता वर्षभराचा खरा उपसा हाती आला आहे : किती क्षेत्र भिजलं, किती पाणी दिली, मोटरी किती तास चालल्या. तो पातळीच्या घसरणीशी जुळवून खडकाचा दोन टक्क्यांचा अंदाज तिन्ही भागांसाठी वेगवेगळा काढायचा. माळावर तो बहुधा दीडच्या आसपास येईल, ओढ्याकाठी अडीचच्या वर. पुढच्या ऑक्टोबरचा ताळेबंद या नव्या आकड्यांनी करायचा, आणि गव्हाची मर्यादा साऱ्या गावाला एकच न ठेवता भागवार ठरवायची.